सिमला बीट : दोन तबकड्यांत उरलेले तरुण बँड

'सिमला बीट ७०' आणि 'सिमला बीट ७१' या भारतात निघालेल्या दोन लाँग प्ले ध्वनिमुद्रिका. तंबाखू कंपनीने आपल्या 'सिमला' या सिगारेटच्या प्रचारासाठी देशभरातील तरुण बँडची स्पर्धा भरवली आणि त्या स्पर्धेतील गटांची गाणी या दोन तबकड्यांत एकत्र केली. स्पर्धेची अंतिम फेरी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात होत असे. गाणी इंग्रजी होती, गाणारे भारतीय होते आणि त्यांतील अनेक गटांच्या नावावर याखेरीज दुसरी तबकडी आढळत नाही. एखाद्या पिढीने काय वाजवले याचा पुरावा सिगारेटच्या जाहिरातखर्चातून शिल्लक राहावा, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. आज या मुद्रिका जगभरच्या संग्राहकांना हव्या असतात. ज्या शहरात ती स्पर्धा गाजली, तेथे मात्र त्यांची आठवण पुसट झाली आहे.

संकलित अल्बम म्हणजे काय, हे मराठी वाचकाला प्रातिनिधिक कवितासंग्रहाच्या उदाहरणावरून चटकन समजेल. ज्याचे स्वतंत्र पुस्तक निघण्याइतपत नाव झालेले नाही, अशा कवीच्या दोन-तीन कविता इतरांच्या सोबतीने छापल्या जातात आणि एका काळाची कविता एका मुखपृष्ठाआड सापडते. रॉक संगीतात ही पद्धत फार फलदायी ठरली. लेनी के या अमेरिकन गिटारवादकाने १९७२ मध्ये 'नगेट्स' नावाने साठच्या दशकातील विस्मृत बँडची गाणी एकत्र केली आणि त्या एका संकलनाने पुढच्या पिढीची अभिरुची घडवली. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या ब्रिटिश साप्ताहिकाने १९८६ मध्ये २२ नव्या गटांची 'सी ८६' ही कॅसेट काढली. तिचे नाव पुढे एका संपूर्ण संगीतशैलीला चिकटले. 'सब पॉप २००' या १९८८ च्या संकलनात निर्वाणा हा तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला बँड होता. 'इंडी' किंवा 'ऑल्टर्नेटिव्ह' हे आजचे शब्द. मोठ्या कंपनीच्या आश्रयाविना, बाजाराच्या रूढ चाकोरीबाहेर संगीत करणाऱ्यांना ते लावले जातात. १९७० साली मुंबईत असे शब्द नव्हते. 'बीट ग्रुप' एवढाच शब्द पुरेसा होता.

तबकडीचे अर्थकारण

नव्या बँडला स्वतःची एलपी काढणे त्या काळी अशक्यप्राय का होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय या दोन तबकड्यांचे मोल कळत नाही. भारतातील ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय दीर्घकाळ 'हिज मास्टर्स व्हॉइस' हे बोधचिन्ह मिरवणाऱ्या ग्रामोफोन कंपनीच्या हाती एकवटला होता. कोलकात्याजवळ डमडम येथे तिचा कारखाना होता. पॉलिडॉरसारखी प्रतिस्पर्धी कंपनी येथे पाय रोवू लागली ती १९७० च्या सुमारास. चित्रपटगीतांची तबकडी हमखास खपे, शास्त्रीय संगीताला ठरावीक ग्राहक होता. इंग्रजी गाणाऱ्या, महाविद्यालयीन वयाच्या चार-पाच मुलांसाठी स्टुडिओचा वेळ, साचा आणि छपाई यांचा खर्च कोण करणार? फार तर दोन किंवा चार गाण्यांची सात इंची तबकडी निघे. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या एलपीच्या एका बाजूवर साधारण २० ते २५ मिनिटांचे संगीत मावते. ते एका बँडने भरून काढण्यापेक्षा अनेकांनी एकेक-दोन गाणी द्यायची आणि खर्च तिसऱ्यानेच उचलायचा, हा मार्ग सोपा होता.

तो तिसरा म्हणजे कोलकात्यात १९१० मध्ये स्थापन झालेली इंपीरियल टोबॅको कंपनी. १९७० मध्ये तिचे नाव इंडिया टोबॅको कंपनी झाले. आजची आयटीसी ती हीच. तरुण ग्राहक हेरण्याचा हेतू उघड होता आणि तो कुणी लपवलाही नाही. स्पर्धेलाच सिगारेटचे नाव होते. प्रायोजकाचे नाव टिकले आणि कलावंतांचे पुसले गेले, ही त्या सौद्याची किंमत. २००३ च्या तंबाखू उत्पादनविषयक कायद्याने अशी जाहिरात आणि असे प्रायोजकत्व बंद केले, तेव्हा अशी स्पर्धा आता कोणतीही सिगारेट कंपनी भरवू शकत नाही. मात्र तरुण संगीतामागचा पैसा व्यसनाच्या व्यापारातून येण्याची रीत त्याने संपली असे नाही. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या 'एनएच ७ वीकेंडर' या महोत्सवाच्या नावाआधी पुढे अनेक वर्षे एका मद्याच्या ब्रँडचे नाव लागत होते.

तबकडीवर काय आहे?

'सिमला बीट ७०' वर शिलाँगचा 'द फेन्टोन्स', मद्रासचा 'द कन्फ्यूजन्स', बंगळूरचा 'द डायनोसॉर्स', कोलकात्याचा 'ग्रेट बेअर' असे गट भेटतात. या यादीचा नकाशा पाहण्यासारखा आहे. ईशान्येच्या डोंगरातला बँड आणि मद्रासचा बँड एकाच तबकडीवर यावेत, असे त्या काळच्या अन्य कोणत्या लोकप्रिय संगीतात सहसा घडत नव्हते. फेन्टोन्सचे एक वादन स्पर्धेच्याच नावाचे आहे. डायनोसॉर्सनी 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल' या अमेरिकन बँडचे 'सिनिस्टर पर्पज' हे गाणे घेतले आहे. मूळ गाणे १९६९ चे, म्हणजे ते येथवर पोहोचायला फार अवधी लागला नव्हता. ग्रेट बेअरमधील दिलीप बालकृष्णन यांनी पुढे 'हाय' हा बँड उभा केला आणि कोलकात्याच्या रॉक वर्तुळात गीतकार म्हणून आदराचे स्थान मिळवले. दुसऱ्या तबकडीत मुंबईचा 'वेल्व्हेट फॉग' आहे, त्याचा उल्लेख पुढे येईलच.

या संगीतावर नकलेचा शिक्का तेव्हाही मारला गेला आणि आजही मारला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. उच्चार, पोशाख, गिटारचा फटकारा यांत परक्याचे अनुकरण भरपूर आहे. पण तबकडी ऐकताना नकलेइतकीच तिच्यातली उणीवही ऐकू येते आणि ती उणीव फार बोलकी आहे. परदेशी गिटार आणि ॲम्प्लिफायर आयातीच्या निर्बंधांमुळे दुर्मिळ होते. अनेक गट ओळखीच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून ॲम्प्लिफायर जुळवून घेत. कोलकात्यात बनलेली देशी गिटार वापरत. त्यामुळे मूळ गाण्यातला गुळगुळीतपणा येथे येत नाही, आवाज फाटतो, गुरगुरतो. संग्राहकांना आज नेमका तोच खडबडीतपणा मोलाचा वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या मुद्रिकांचे संगीत सर्वत्र सारख्या तोलाचे नाही. काही गाणी एकदा ऐकून सोडून द्यावीत अशी आहेत. कन्फ्यूजन्सचे 'व्हॉइस फ्रॉम द इनर सोल' मात्र आजही कान टवकारायला लावते.

लघुलहरी आणि सेमाडोह

ही गाणी या मुलांपर्यंत पोहोचली कशी? तबकड्या थोड्या होत्या आणि महाग होत्या. त्या पिढीतील संगीतकारांच्या आठवणींत एक नाव वारंवार येते, ते रेडिओ सिलोनचे. मराठी घरांत हे केंद्र अमीन सायानींच्या 'बिनाका गीतमाले'साठी लागे, पण त्याच्या इंग्रजी विभागावर पाश्चात्त्य गाणी वाजत आणि शिलाँगपासून मद्रासपर्यंतची मुले ती कागदावर उतरवून घेत. सोबतीला 'स्टेट्समन' वृत्तपत्रसमूहाचे 'ज्युनियर स्टेट्समन' हे १९६७ ते १९७७ या काळातील नियतकालिक होते. त्यात देशी बँडच्या बातम्या येत.

लघुलहरींना गाव आणि शहर असा भेद कळत नाही. मेळघाटात सिपना नदीकाठी वसलेल्या सेमाडोहला त्या लहरी मुंबईच्या शिवाजी पार्काइतक्याच सहज पोहोचत असाव्यात. तरीही वऱ्हाडातला एखादा गट षण्मुखानंदच्या रंगमंचावर जाण्याची वाट खडतर होती. ऐकायला रेडिओ पुरतो. वाजवायला वीज, वाद्ये, सरावाची खोली आणि मुंबईचे भाडे लागते. मिशनरी शाळा, गोव्याहून आलेली वाद्यपरंपरा, हॉटेलांतील नृत्यसंगीत आणि १८६५ पासून चालत आलेल्या फुर्टाडोसारख्या वाद्यांच्या पेढ्या यांचा जो आधार मुंबईतल्या मुलाला होता, तो अमरावती-अकोल्याच्या मुलाला कोठून मिळणार? सेमाडोहच्या परिसरातील कोरकू तरुणांकडे तर ढोल आणि बासरीची स्वतःची परंपरा होती, परंतु 'बीट' या शब्दात ती बसणारी नव्हती. स्पर्धा अखिल भारतीय म्हणवली जात असली, तरी तिचा भारत मोजक्या शहरांचा होता, ही नोंद करणे भाग आहे.

मराठी धागा

इंग्रजी गाणी म्हणजे आपला विषय नव्हे, असे मानून मराठी वृत्तपत्रांनी या चळवळीकडे फारसे लक्ष दिले नाही. तरी तिच्यातून एक धागा थेट मराठी रंगभूमीपर्यंत येतो. वेल्व्हेट फॉग या बँडमधून गायलेले नंदू भेंडे हे आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यदांपत्याचे चिरंजीव. अलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हे संगीतनाट्य मुंबईत सादर केले, त्यात नंदूंनी ज्यूडासची भूमिका गायली. 'सॅव्हेजेस' आणि 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या नामवंत गटांतही ते होते.

आणि मग १९७८ आले. ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'चे पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर, 'तीन पैशाचा तमाशा', पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. त्यातला अंकुश हा दरोडेखोर नायक नंदू भेंडे यांनी उभा केला. लावणी, नाट्यपद आणि कव्वालीच्या सोबतीला रॉकचा गळा मराठी प्रेक्षकाने ऐकला आणि स्वीकारला. तो गळा घडला होता इंग्रजी गाणाऱ्या बँडच्या तालमींत. एप्रिल २०१४ मध्ये नंदू भेंडे यांचे निधन झाले, तेव्हा बहुतेकांना आठवला तो 'तमाशा'. वेल्व्हेट फॉगची आठवण मोजक्यांनी काढली.

दुसरे नाव अरुण कोलटकरांचे. मुंबईत साठच्या दशकात 'असो'सारखी अनियतकालिके निघत होती. हाती येईल त्या साधनाने, प्रकाशकाची वाट न पाहता छापण्याची ती धडपड आणि बीट ग्रुपची धडपड एकाच शहरात, एकाच काळात चालली होती. दोहोंना जोडणारा माणूस कोलटकर. इंग्रजीत गाणी लिहून १९७३ च्या सुमारास त्यांनी ती ध्वनिमुद्रितही केली होती. तबकडी काही निघाली नाही. त्या गाण्यांचे शब्द अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' (२००९) या पुस्तकात वाचायला मिळतात. कोलटकरांनी तुकाराम आणि जनाबाई इंग्रजीत नेले; आज 'अभंग रिपोस्ट' हा मुंबईचा बँड तेच अभंग गिटार आणि ड्रमच्या साथीने मराठीतच गातो. कोलटकरांच्या तरुणपणी ही कल्पना कुणी मांडली असती, तर दोन्ही बाजूंनी भुवया उंचावल्या असत्या.

नंतरची संकलने

सिमला बीट स्पर्धा सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातच थांबली. १९७१ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली येथे 'स्नेहयात्रा' हा खुल्या मैदानातील महोत्सव झाला, त्यानंतर या लाटेला ओहोटी लागली. ॲटॉमिक फॉरेस्टची 'ऑब्सेशन ७७' ही तबकडी त्या पिढीची जवळजवळ शेवटची खूण म्हणता येईल.

पुढची हालचाल दिसते ती १९८६ मध्ये. फरहाद वाडिया यांनी धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेन्डन्स रॉक' सुरू केले. १९८४ मध्ये स्थापन झालेला आणि पुढे 'इंडस क्रीड' झालेला 'रॉक मशीन' हा त्या पिढीचा म्होरक्या. रंगभवनातील कार्यक्रम २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील शांतता क्षेत्राच्या तरतुदींमुळे थंडावले. रुग्णालये आणि शिक्षणसंस्था यांच्या भोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र हे नियम तेव्हा शांतता क्षेत्र मानत. रुग्णांची बाजू रास्तच होती. पण परवडणाऱ्या दरात हजारो तरुण जमतील असे दुसरे खुले नाट्यगृह दक्षिण मुंबईला मिळाले नाही, हेही तितकेच खरे.

दरम्यान कॅसेटने अर्थकारण पालटले होते. कॅसेट कुणालाही थोड्या खर्चात काढता येत असल्याने ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली. अमित सैगल यांनी १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक सुरू केले आणि पुढे त्याच मासिकाच्या छत्राखाली 'ग्रेट इंडियन रॉक' या नावाने नव्या बँडची संकलने आणि महोत्सव सुरू झाले. महानगरांबाहेरच्या गटांना येथे जागा मिळाली, हा सिमला बीटपेक्षा पुढचा टप्पा. सैगल यांचे जानेवारी २०१२ मध्ये गोव्यात अकाली निधन झाले.

मग इंटरनेट आले आणि संकलनाची गरजच संपली असे वाटू लागले. प्रत्येक बँड आपली गाणी स्वतः 'मायस्पेस'वर चढवू लागला. त्याच मायस्पेसने मार्च २०१९ मध्ये मान्य केले, की सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या काळातील गाणी नष्ट झाली. प्रसिद्ध झालेला अंदाज पाच कोटी गाण्यांचा होता. त्यात कोणत्या भारतीय गटांचे एकमेव ध्वनिमुद्रण गेले, याची मोजदाद होणे नाही. १९७० ची तबकडी सुई ठेवली की वाजते. २००५ चे गाणे मात्र कुठे सापडेल याची शाश्वती नाही.

जतन कुणाचे काम?

पुस्तकांच्या बाबतीत ही चिंता कायद्याने काहीशी मिटवली आहे. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना प्रत देणे बंधनकारक आहे. १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रे आणि नियतकालिकेही आली. चित्रपटांसाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. ध्वनिमुद्रिका या कायद्याच्या कक्षेत नाही. आकाशवाणीचे आणि काही संस्थांचे संग्रह आहेत, त्यांनी मोठे काम केले आहे, पण त्यांचा भर स्वाभाविकपणे शास्त्रीय आणि लोकसंगीतावर राहिला. इंग्रजी गाणारे देशी बँड ना शास्त्रीय, ना लोकसंगीत, ना चित्रपट.

परिणाम असा, की दोन्ही सिमला बीट तबकड्या पुन्हा बाजारात आल्या त्या जर्मनीतील 'क्यूडीके मीडिया' या छोट्या कंपनीमुळे. ॲटॉमिक फॉरेस्टचे पुनर्मुद्रण अमेरिकेतील 'नाऊ अगेन' या कंपनीने केले. या काळाचा सविस्तर इतिहास हवा असेल, त्यांनी पत्रकार सिद्धार्थ भाटिया यांचे 'इंडिया सायकेडेलिक' (२०१४) हे इंग्रजी पुस्तक जरूर पाहावे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९७० मध्ये प्रकाशित झालेली मुद्रिका २०३० संपेपर्यंत संरक्षित राहते. त्यानंतर ती कुणालाही काढता येईल, पण त्यासाठी चांगली मूळ प्रत हाती असावी लागेल.

अशा प्रती बहुधा घरांतच आहेत. आजोबांच्या किंवा काकांच्या कपाटात जुन्या एलपी असतील, तर त्या भंगारात देण्यापूर्वी नावे वाचून पाहावीत. तबकड्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात, वेष्टनासह ठेवाव्यात. माळ्यावर किंवा पत्र्याखाली तर मुळीच ठेवू नयेत. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखालची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. व्हिनाइलला त्याने बाक येतो आणि बाक आलेली तबकडी सहसा पूर्ववत होत नाही. झिजलेल्या सुईने ती वाजवून पाहण्याचा मोहही टाळावा. वेष्टनाच्या मागच्या बाजूस वादकांची नावे, एखादी सही किंवा पेनाने लिहिलेली तारीख असल्यास तिचे छायाचित्र काढून ठेवावे. अनेक गटांतील वादकांची नावे आज दुसरीकडे कुठेही नोंदलेली नाहीत.